पाणी आणायला गेलेली बाई

सूनबाईचा आवाज साऱ्या गावाला माहीत होता, तोंड मात्र फार थोड्यांना. बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून ती दिवसभर माइकवर बोलायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागतेय, कुठली उशिरा आहे, कुणाची पिशवी चौकशीच्या खिडकीपाशी येऊन पडलीय. भाजीवाली तिला नुसत्या ‘कितीला दिली?’वरून ओळखायची. शेजारीपाजारी तिला ‘स्टँडवाली’ म्हणायचे, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे.

घरी आल्यावर तरी घशाला विश्रांती द्यावी असं तिला फार वाटायचं. पण दारात पाऊल टाकायचा अवकाश, आतल्या खोलीतून हाक यायची, “आलीस का गं? आज काय झालं स्टँडवर?”

सासूबाईंचे डोळे काचबिंदूने नेले होते. उजेड-अंधार तेवढा कळायचा. डोळे होते तोवर त्यांनी बटणांच्या कारखान्यात काम केलं. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बायका बसायच्या आणि पुठ्ठ्यावर बटणं टाचायच्या. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. त्या टेबलावर रोज कुणी ना कुणी गोष्ट सांगायचं, आणि गोष्ट जमली की फसली याचा निवाडा सासूबाईंकडे असायचा. कारखाना सुटला तरी सवय सुटली नाही.

लग्न होऊन आली तेव्हा सूनबाईला गोष्ट सांगायची अक्कल नव्हती.

“आज एक बाई कंडक्टरशी कडाकडा भांडली,” ती म्हणायची.

“कोण बाई?”

“असेल कुणीतरी.”

“कुणीतरी कधी भांडत नसतं. वय काय? हातात काय होतं? एकटी होती की कुणाबरोबर? अगं, गोष्टीत आधी माणूस लागतो. आणि उभी कुठे होती ते सांग, नाहीतर मी तिला काय हवेत उभी करू?”

“दोन नंबरच्या फलाटावर, आई. खांबापाशी.”

“हां. आता दिसली. तिला हवं काय होतं? आणि ते मिळत का नव्हतं?”

“ते मी नाही विचारलं.”

“मग आलीस कशाला? अडचण नसेल तर ती गोष्ट नव्हे, ते तुझं वेळापत्रक झालं.”

शेवटाच्या बाबतीत तर सासूबाई कुणाचीच गय करत नसत. ‘गेली असेल घरी’ असं म्हटलं की त्या खवळायच्या. “असेल म्हणजे? तू पाहिलंस? की कुणी सांगितलं? ज्यानं सांगितलं तो कुठे उभा होता?” सूनबाई हसत हसत वैतागायची. पण हळूहळू तिची नजर तयार झाली. काचेमागे बसल्या बसल्या ती माणसं टिपू लागली. चुकलेल्या गाडीमागे एक चप्पल हातात घेऊन धावणारा नवरदेव, परीक्षेला निघालेली आणि नेमकी उलट्या दिशेच्या गाडीत बसलेली दोन भावंडं. संध्याकाळी ती तिखटमीठ लावून सांगायची आणि सासूबाई मान डोलवायच्या. नवरा फ्रिज दुरुस्तीची कामं उरकून यायचा आणि म्हणायचा, “लोकांच्या घरी टीव्ही लागतो, आमच्याकडे स्टँड लागतं.”

एकदा सुट्टीच्या दिवशी स्टँड अगदी ओस पडलं. एक कुत्रं फलाटावर झोपलं होतं, तेही कूस बदलेना. सांगण्यासारखं काडीइतकंही काही घडलं नाही. घरी येताना सूनबाईने पहिल्यांदाच ठरवलं की आज एक गोष्ट आपणच जुळवायची. म्हातारीला काय कळणार? माणूस घेऊ, जागा घेऊ, अडचण घेऊ, झाली गोष्ट. तिने रोजच्याच दृश्यातलं एक उचललं. स्टँडवर दिवसातून दहा जण शेजारच्याला म्हणतात, ‘जरा बघता का, आलेच.’ तिथूनच तिने सुरुवात केली.

“आज एक पोर आली होती, सतरा-अठरा... नाही, विसाची असेल,” ती पलंगाच्या कडेला बसून सांगू लागली. “कडेवर तान्ही मुलगी. नळापाशी जे बाक आहे ना, शेवटचं, तिथे बसली होती. सारखी रस्त्याकडे बघत होती. शेजारी दुसरी एक बाई होती, चांगल्या घरची वाटत होती. ही तिला म्हणाली, ‘जरा धरता का हिला? पाणी घेऊन येते.’ त्या बाईने धरली. ही बाटली घेऊन नळाकडे गेली. आणि तेवढ्यात गाडी सुरू झाली, आई. ही नळावरून सरळ गाडीकडे गेली आणि चढली. बाटली हातात तशीच. मागे वळूनसुद्धा—”

“बाटली नव्हती,” सासूबाई म्हणाल्या.

सूनबाई थांबली. “काय?”

“बाटली नव्हती. किटली होती. निळी. टवका उडालेली.”

सूनबाईला आधी वाटलं, म्हाताऱ्या माणसाचा झाला असेल गोंधळ. ती हसून काहीतरी म्हणणार होती. पण सासूबाईंचा चेहरा तिने पाहिला आणि हसू ओठांवरच वाळलं. त्यांचे ओठ पांढरेफटक पडले होते. हात चादरीवर काहीतरी शोधत होते, सुई शोधावी तसे.

“कुणी सांगितलं तुला?” सासूबाईंनी विचारलं.

“कुणी नाही, आई. मी... मनानेच रचली. आज काही घडलंच नाही स्टँडवर.”

“खोटं बोलू नकोस. कुणी सांगितलं? ती आली होती का?”

“कोण आली होती?”

“माझी मुलगी.”

सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. ह्या घरात सासूबाईंना एकच मूल होतं, तिचा नवरा. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझला, वास सुटला, तेव्हा कुठे ती उठली आणि बटण बंद करून परत आली. परत आली तर सासूबाई बोलतच होत्या, खोलीत कुणी आहे की नाही याची पर्वा न करता.

पहिला नवरा पोर पोटात असतानाच गेला होता. भावाने दुसरं स्थळ पाहिलं. चांगला माणूस होता, पण त्याला मुलीबद्दल सांगितलं नव्हतं. मुलगी चुलतीकडे ठेवायची असं ठरलं होतं. चुलतीने ऐन वेळी दारातूनच परत पाठवलं. परतीच्या वाटेवर ह्या स्टँडवर गाडी बदलायची होती.

“ह्या स्टँडवर?” सूनबाईचा आवाज चिरकला.

“ह्याच. नळ तेव्हा उजव्या हाताला होता. जिच्या हातात पोर दिली तिने हिरवा स्वेटर घातला होता. बरी वाटली. मी किटली भरली, गं. खरंच पाण्यालाच गेले होते. आणि गाडी हलली. माझे पाय चढले. मी नाही चढले, पाय चढले.” मग सासूबाई स्वतःलाच दटावल्यासारखं म्हणाल्या, “तेही खोटंच. मीच चढले.”

“मग परत नाही आलात?”

“तीन-चार दिवसांनी आले. दुसरीकडे निघाले होते, वाट वाकडी करून आले. समोरच्या दुकानाच्या आडून बघितलं. बाक रिकामं होतं. खिडकीवर जाऊन विचारायचं धाडस झालं नाही. विचारलं असतं तर त्यांनी माझं नाव-गाव विचारलं असतं ना?”

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांनीच नवऱ्याच्या मागे टुमणं लावून त्याची बदली ह्या गावात करून घेतली होती. घर घेतलं तेही स्टँडपासून हाकेच्या अंतरावर. रोज कारखान्यातून येताना स्टँडमधून यायच्या. डोळे गेले तेव्हा...

सूनबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि तिला तो नकोसा झाला. लग्न ठरलं तेव्हा सारे नातेवाईक नाक मुरडत होते. दिवसभर माइकवर ओरडणारी मुलगी घरात कशाला आणायची? सासूबाई एकट्या अडून बसल्या होत्या की सून करीन तर हीच. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं, आपला आवाज आवडला असेल, आपण आवडलो असू.

“म्हणून मी?” तिने विचारलं. “मी स्टँडवर होते म्हणून?”

सासूबाई हळूच म्हणाल्या, “आधी म्हणून. मग नाही.”

रोजचे ते प्रश्न सूनबाईला एकामागून एक आठवू लागले. वय काय? हातात काय होतं? कुणाबरोबर होती? कुठे निघाली होती? तिला वाटायचं म्हातारीला गोष्टींचा नाद आहे. म्हातारी गर्दीत मुलगी शोधत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी चहाचा कप हातात असतानाच मुलाला सांगून टाकलं. आढेवेढे नाहीत, प्रस्तावना नाही. “तुला एक बहीण आहे. मोठी. मी तिला स्टँडवर सोडली.” तो आधी खो खो हसला. मग बायकोकडे बघितलं. मग त्याच्या हातातला कप असा कलंडला की चहा मांडीवर सांडला तरी त्याला भाजल्याचं कळलं नाही.

“माझ्या आईने?” तो बायकोला म्हणाला, जणू आई खोलीत नव्हतीच. “माझी आई मला शाळेच्या फाटकात सोडून मागे फिरायची नाही. घंटा होईपर्यंत उभी राहायची. ती असं करेल?”

त्यानंतर त्याने आईशी बोलणं टाकलं. जे काही विचारायचं ते बायकोमार्फत. “तिला विचार जेवायचं का.” “तिला सांग डॉक्टरकडे जायचंय.” सासूबाई मध्येच बसलेल्या असायच्या आणि दोन्हीकडून पोस्टमन झालेल्या सूनबाईचं डोकं उठायचं. स्टँडवरही तिची दैना झाली. एका दुपारी तिने उत्तरेची गाडी दक्षिणेच्या फलाटावर पुकारली आणि पन्नास माणसं पिशव्या-ट्रंका घेऊन इकडून तिकडे पळाली. साहेबाने बोलावून झापलं. तिला एक शब्दही ऐकू आला नाही. तिचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या त्या शेवटच्या बाकावर होतं.

शेवटी ती चौकशीवाल्या काकांच्या घरी गेली. काका निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण ऐन तारुण्यापासून त्यांनी त्या खिडकीत जन्म काढला होता. तिने फार फिरवून विचारलं. कधी कुणी तान्हं मूल घेऊन चौकशीला आलं होतं का, फार पूर्वी?

काकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “पोरवाली? तिला कोण विसरेल? दर आठवड्याला यायची. ‘हिची आई आली होती का?’ एवढंच विचारायची. आम्ही पोरंटोरं होतो तेव्हा. आम्ही हसायचो.” ते थोडे चुळबुळले. “आम्हाला वाटायचं, पोर हिचंच आहे आणि ही सोंग करतेय.”

सूनबाई बसल्या जागी पुढे सरकली. “कुठे असते ती आता?”

“नदीपलीकडे पाळणाघर आहे ना, पिवळ्या फाटकाचं? ते तिचंच.”

पाळणाघर एका लांबट बैठ्या खोलीत होतं. भिंतीला हारीने टांगलेले छोटे टॉवेल, खाली छोट्या खुर्च्या, आणि दुपारची वेळ असल्याने सतरंजीवर आडवीतिडवी झोपलेली दहा-बारा मुलं. दार उघडणारी बाई पन्नाशीची होती, अंगापिंडाने मजबूत, ओला हात पदराला पुसत आलेली. तिच्या भुवया सूनबाईच्या नवऱ्याच्या होत्या. हुबेहूब. दिवसभर माइकवर बोलणाऱ्या बाईला एक वाक्य धड जुळवता येईना.

“मुलाला ठेवायचंय का?” पाळणाघराच्या त्या ताईने कुजबुजत विचारलं.

“नाही. मी स्टँडवरून आले. तुमच्या... तुमच्याबद्दल बोलायचंय. पाणी आणायला गेलेल्या बाईबद्दल.”

ताई खाली बसली. मागे मुलांची खुर्ची होती, एवढीशी, तिच्यावरच बसली. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीतून आवाज आला, “कोण आहे गं?” तिथे एक म्हातारी होती. गुडघे गेलेले, केस पांढरेशुभ्र, मांडीवर घडी घालायचे लंगोट. मुलं तिला मोठ्या बाई म्हणायची.

मोठ्या बाईंनीच मग सांगितलं, लंगोटांच्या घड्या घालत घालत. त्या तेव्हा नर्सच्या शिक्षणाला निघाल्या होत्या. ट्रंक गाडीच्या टपावर चढलीही होती. “ट्रंक गेली, मी राहिले,” त्या म्हणाल्या. शेवटची गाडी सुटेपर्यंत बसल्या. लोक म्हणाले पोलिसांत द्या. ह्या म्हणाल्या, अहो येईल ना आई, पाणी आणायला गेलीय, निळी किटली घेऊन. शेवटी पोर घेऊन घरी गेल्या तर वडिलांनी दारातच अडवलं. कुणाचं? धरायला दिलं होतं. लग्न न झालेली बाविशीची मुलगी तान्हं पोर घेऊन आलीय आणि म्हणतेय धरायला दिलं होतं. कोण विश्वास ठेवणार? दार बंद झालं ते कायमचं. मग एका खोलीत राहून लोकांची पोरं सांभाळायला घेतली. आपलं एक सांभाळायचंच होतं.

“आमच्या घरात ही एकच गोष्ट होती,” ताई म्हणाली. “इतर मुलांना राजाराणीची असते. मला ही. आई पाणी आणायला गेली आणि तिला काहीतरी झालं. गाडीखाली आली असेल, चक्कर येऊन पडली असेल. लहानपणी कुणी पाणी आणायला उठलं की मी किंचाळायचे म्हणे. जाऊच द्यायचे नाही.” ती थांबली. “कुठे सापडलं काही? तिचं?”

“ती आहे,” सूनबाई म्हणाली. “माझी सासू आहे.”

ताईच्या हातातला छोटा पेला खाली पडला. एक मूल झोपेत कण्हलं. “जिवंत? मग इतकी वर्षं? दवाखान्यात होती का? आठवण गेली होती का तिची?”

सूनबाईला खरं सांगायचं धैर्य झालं नाही. “त्याच सांगतील,” एवढंच म्हणून ती उठली.

घरी येऊन तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. माणूस, जागा, हातातले लंगोट, सगळं. मुलगी सुखरूप आहे हे ऐकताना सासूबाईंनी दोन्ही हातांनी पलंगाची कड धरली. पण दुसऱ्या बाईचं ऐकलं आणि त्यांनी ती कड सोडून दिली.

“लग्न नाही झालं तिचं?” त्या म्हणाल्या. “घरच्यांनी हाकललं? माझ्या पोरीपायी?”

“हो.”

“मी पोरीला रोज मोठी केली गं मनात. दात आले, शाळेत गेली, सासरी गेली. सगळं केलं. पण त्या बाईला मी त्या बाकावर तशीच बसवून ठेवली होती. हिरव्या स्वेटरात. तिला कुठे जायचं असेल, तिचं काय झालं असेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. एकदाही नाही.”

सूनबाई हळूच म्हणाली, “आई, त्यांना वाटतं तुम्हाला काहीतरी झालं होतं. चक्कर, अपघात, असं. तुम्ही नुसतं गप्प बसलात तरी चालेल. कुणाला काही कळणार नाही.”

“कधी जायचं?” सासूबाईंनी एवढंच विचारलं.

दोघीच गेल्या. मुलगा येणार नाही म्हणाला, पण रिक्षा त्यानेच आणून उभी केली. पाळणाघराला त्या दिवशी सुट्टी दिली होती. ताईने खोली झाडून पुसून घेतली होती, स्वतः इस्त्रीची साडी नेसली होती, आणि बिचारी दारातच उभी होती, एखाद्या मुलाला न्यायला आई येते तेव्हा मूल उभं असतं तशी. तिने सासूबाईंचा हात धरून त्यांना आत आणलं, खुर्चीवर बसवलं. हात सोडला नाही.

“फार लागलं होतं का तुम्हाला?” तिने विचारलं. “तेव्हा?”

नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं.

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. “मला काही झालं नव्हतं. मी किटली भरली आणि गाडीत चढले. दुसरं लग्न करायला.”

ताईने हात सोडला, घाईने नाही, एकेक बोट सोडवून घेत.

“काहीच झालं नव्हतं?”

“काही नाही.”

ताई उभी राहिली आणि सूनबाईला वाटलं ही आता ओरडेल, हाकलून देईल. पण तेवढ्यात आरामखुर्चीतून मोठ्या बाई म्हणाल्या, “मला ठाऊक होतं.”

तिघींनी माना वळवल्या. सासूबाईंनीसुद्धा, दिसत नसताना.

“मी बघितलं होतं तुला चढताना,” मोठ्या बाई म्हणाल्या. “किटलीतलं पाणी पायरीवर सांडलं. तू खिडकीतून मागे बघितलंस. मी ओरडणार होते. तोंड उघडलं होतं मी. पण तुझा चेहरा बघितला आणि वाटलं, ही पुढच्या थांब्यावर उतरेल. नक्की उतरेल. मग वाटलं उद्या येईल. मग आठवड्याने येईल.”

“मी आले होते,” सासूबाई म्हणाल्या. “चौथ्या दिवशी का काय. दुकानाच्या आड उभी होते.”

“मी सोमवारी यायचे.”

“मी सोमवारी नव्हते आले.”

आणि मग सूनबाईच्या लक्षात आलं की ताईचा रंग पार उडालाय, आणि ती सासूबाईंकडे बघतच नाहीये. ती आपल्या आईकडे बघत होती, जिने तिला वाढवलं तिच्याकडे.

“तुला ठाऊक होतं?” ताई म्हणाली. “पन्नास वर्षं मला सांगत आलीस, तिला काहीतरी झालं असेल. मी तिच्यासाठी रडायचे. आणि तुला ठाऊक होतं?”

“मग काय सांगू तुला? दोन वर्षांच्या पोरीला सांगू की आई टाकून गेली?”

“मी दोन वर्षांची राहिले होते का? चाळिशीला सांगायचंस!”

“तोवर मलाही ती गोष्ट खरी वाटायला लागली होती,” मोठ्या बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच हुंदका बाहेर पडला.

ताई आतल्या खोलीत निघून गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं, आणि तेच जास्त वाईट वाटलं. बराच वेळ वाट पाहून सूनबाईने सासूबाईंना उठवलं. निघताना सासूबाई चाचपडत आरामखुर्चीपाशी गेल्या. मोठ्या बाईंनी त्यांचा हात धरला आणि म्हणाल्या, “सावकाश जा. फाटकापाशी पायरी आहे.”

त्यानंतर कितीतरी दिवस ताई कुणाशीच बोलली नाही. स्वतःच्या आईशीसुद्धा कामापुरतं. हे कळायचं, कारण दोघी म्हाताऱ्यांचे दुपारी फोन सुरू झाले होते. सूनबाई एकदा लवकर घरी आली तर सासूबाई फोन कानाला लावून विचारत होत्या, “पहिला दात कोणता आला? खालचा?” आणि पलीकडून उत्तर येईपर्यंत तोंड थोडं उघडं ठेवून बसल्या होत्या. सूनबाई पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेली. ‘आधी म्हणून, मग नाही’ हे तिच्या मनात अजून सलायचं. पण त्या दिवशी तिने सासूबाईंच्या चहात न सांगता आलं टाकलं.

नवरा हळूहळू वळणावर आला. ‘तिला विचार’चं ‘आईला विचार’ झालं, मग एके दिवशी स्वतःच औषधाची गोळी घेऊन पलंगापाशी उभा राहिला. “घे,” म्हणाला. तेवढंच.

ताई आली ती आगाऊ काही न कळवता, सूनबाईच्या साप्ताहिक सुट्टीला. चपला काढल्या, आत आली, सासूबाईंसमोर खुर्ची ओढून बसली. पाणी दिलं ते प्यायली.

“मी तुमची मुलगी म्हणून आलेली नाही,” ती म्हणाली. “माझी आई घरी आहे. तिच्याशीही माझं अजून धड नाही. पण एक विचारायचंय. तुम्ही दोघींनी एकमेकींचं सगळं सांगितलंत. माझे वडील कोण होते, ते कुणीच सांगितलं नाही.”

सासूबाई चपापल्या. पन्नास वर्षांत त्या माणसाबद्दल त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि बहुधा त्यांनी स्वतःलाही नाही.

“पुलांना रंग द्यायचा,” त्या अखेरीस म्हणाल्या. “उंच, काटकुळा. दोरीला लटकून काम करायचा आणि घरी स्टुलावर चढायला घाबरायचा. स्टूल हलतं म्हणायचा.”

ताईच्या तोंडून हसू निसटलं. तिचं तिलाच ते पटलं नाही, तिने लगेच ओठ मिटले. “आणखी?”

“आणखी... शीळ फार वाईट घालायचा. पण घालायचा.” सासूबाई आठवत आठवत बोलू लागल्या, अडखळत, मागेपुढे करत, मध्येच ‘नाही नाही, ते आधी झालं’ म्हणत. सूनबाईने त्यांना इतकं विस्कळीत सांगताना कधी ऐकलं नव्हतं. ताई मध्ये मध्ये विचारत होती. कशाने गेले? ताप. कुठल्या गावी? त्यांना ठाऊक होतं का मी येणार ते? होतं. खूश होते का? सासूबाई म्हणाल्या, “तुझ्यासाठी पाळणा रंगवून ठेवला होता. पुलाचाच रंग. राखाडी.”

नवरा कामावरून आला तेव्हा दिवस कलला होता. दारातच त्याला ताई पाठमोरी दिसली. तो उंबऱ्यावर थबकला, हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच, चेहरा पांढरा पडलेला. ताईने वळून पाहिलं. त्याच्या भुवयांकडे तिचीही नजर खिळली आणि तिचं बोट नकळत स्वतःच्या भुवईवर गेलं.

“ये ना आत,” मग ती म्हणाली. “तुझंच घर आहे.”

तो आत आला, पिशवी खाली ठेवली, आणि बसायला दुसरी जागा असतानाही जमिनीवरच, तिच्या खुर्चीजवळ, बसून राहिला. सूनबाईने चहा टाकला.